आवाज वाढवू नका, तार टाका

नाट्यगृहाचं नूतनीकरण झालं की बातमीत काय येणार, हे मला आता पाठ झालं आहे. नव्या खुर्च्या, नवी वातानुकूलन यंत्रणा, नवा पडदा, स्वच्छतागृहातल्या फरशा आणि फीत कापणाऱ्यांची नावं. कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकासाठी काय केलं, हे कुणी विचारत नाही. रविवार दुपारचा प्रयोग निवृत्तांच्या जिवावर भरतो, आणि त्यांच्याच कानांची ही हेळसांड! मला याचा संताप येतो.

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो. एका नाट्यगृहात व्यवस्थापकांना विचारलं, ‘इथे हिअरिंग लूप आहे का?’ त्यांनी ध्वनिवाल्याला हाक मारली, ‘काकांसाठी आवाज जरा वाढव रे.’ आवाज वाढला. शेजारच्या बाईंनी कानांवर हात घेतले आणि मला संवाद होते तेवढेच पुसट राहिले. मध्यंतरात सल्ला मिळाला, ‘काका, पुढच्या रांगेचं तिकीट काढत जा.’ सोय त्यांनी करायची नाही आणि तिचे जादा पैसे मात्र मी भरायचे.

वयाबरोबर कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स, त, क ही व्यंजनं गळतात, स्वर तेवढे पोचतात. साप, ताप आणि काप मला एकच. आवाज वाढवला की ‘आप’ मोठ्याने ऐकू येतं, सुरुवातीचं व्यंजन येतच नाही. शिवाय यंत्राचा माइक माझ्या कानामागे असतो. बोलणारा समोर हातभर अंतरावर असेल तर तो चांगलं काम करतो. पंधराव्या रांगेत मात्र भिंतींवरून परतणारा नाद, एसीची घरघर आणि वेफर्सच्या पिशव्या हे सगळं नटाच्या वाक्याइतकंच मोठं होतं.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. प्रेक्षागृहाच्या जमिनीत तारेचं वेटोळं, म्हणजेच हिअरिंग लूप, टाकायचं आणि मंचावरच्या माइकचा आवाज एका अँप्लिफायरमधून त्यात सोडायचा. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि श्रवणयंत्रातली टेलिकॉइल, म्हणजे तांब्याची इवलीशी गुंडाळी, ते पकडते. नट कितीही लांब असो, तो कानाशी बोलतो. ब्रिटनमध्ये नाट्यगृहांतच नव्हे, पोस्टाच्या खिडकीवरही लूप असतो. अमेरिकेत सभागृहाला श्रवणसाहाय्य देणं कायद्याने बंधनकारक आहे.

कायदा आपल्याकडेही आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. नियम 2017 मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत 2022 मध्ये उलटली. केंद्राच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांत श्रवणसाहाय्याचा विचार आहे, पण सुगमतेचा नियमच शिफारशीसारखा लिहिलेला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नेमका हाच नियम रद्द ठरवला आणि बंधनकारक नियम करायला तीन महिने दिले. पण आमच्या महापालिकांच्या लेखी सुगमता म्हणजे दारातला रॅम्प. तो हवाच. पण रॅम्पवरून आत आलेल्या माणसाला नाटक ऐकूही यायला हवं ना?

‘मागणी कुठे आहे?’ हे उत्तर तर मला सहनच होत नाही. ज्याला ऐकू येत नाही तो दोनदा अपमान गिळतो, तिसऱ्यांदा घरी बसतो आणि मग रिकामी खुर्ची दाखवून सांगतात, मागणी नाही. यात श्रवणयंत्रं विकणारेही सामील आहेत. यंत्र किती लहान, किती अदृश्य याचंच कौतुक सांगतात. टेलिकॉइल आहे का, ती चालू केली का, हे बहुतेकांना सांगतच नाहीत. कुणी म्हणेल, आता ब्लूटूथ आहे. साध्या ब्लूटूथचा आवाज मागून येतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ऑराकास्ट नावाचं नवं तंत्र आशादायक आहे, तेही जरूर बसवा. पण आज लोकांच्या कानांत असलेल्या जुन्या यंत्रांचं काय?

खुर्च्या उपसलेल्या असतात, जमीन उघडी असते, तेव्हाच ही तार टाकायची असते. फरशी बसल्यावर काम अवघड होतं आणि महागही. म्हणून पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या निविदेत लूपची बाब मला छापील स्वरूपात हवी. ती नसेल तर माहिती अधिकारात कारण मागणार. आणि दिव्यांग हक्क कायद्याचं 44 वं कलम नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला नाकारायला सांगतं, म्हणून दाखल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी हरकतही नोंदवणार.