हिशेब ऑगस्टचा धरा

सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. नर्मदा पाणी तंटा लवादाने 1979 मध्ये तो ठरवून दिला. 1,450 मेगावॉटच्या या प्रकल्पाच्या फुगवट्याने महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली, ती सगळी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. काठावर उरलेल्या कित्येक पाड्यांपर्यंत आता पाण्यातूनच जावे लागते, म्हणून आरोग्य खात्याला तिथे तरंगता दवाखाना न्यावा लागला. धरणाच्या पाण्यावर फिरणाऱ्या या दवाखान्याला धरणाची वीज मिळू शकत नाही, हे उघड आहे. बोटीच्या मागे तार ओढता येत नाही. मग तिच्यातला लसीचा फ्रीज, रात्रीच्या बाळंतपणाचा दिवा आणि ऑक्सिजनचे यंत्र कशावर चालवायचे, याचा हिशेब कोणीतरी नीट मांडायला हवा.

प्रश्न एकट्या बोटीचा नाही. नवसंजीवनी योजनेतली भरारी पथके, फिरती वैद्यकीय पथके, लसीकरणाची सत्रे हे सगळे पायथ्याची वीज मागे टाकूनच सातपुडा चढतात. धडगाव, मोलगी, तोरणमाळपर्यंत तार पोचली आहे. वाऱ्या-पावसात ती किती तास जिवंत असते, हे तिथल्या कोणालाही विचारावे. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आदी संस्थांच्या 2023 च्या अहवालानुसार जगातले सुमारे 100 कोटी लोक वीज नसलेल्या किंवा बेभरवशाची वीज असलेल्या दवाखान्यांवर अवलंबून आहेत. नंदुरबारचे दुखणे जगावेगळे नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात दिलासा मानण्याचे कारण नाही.

‘सौर पॅनेल बसवा’ म्हटले की विषय संपला, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जरा आकडे पाहावेत. पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॉट घेते. आठ तास चालले की जवळजवळ तीन युनिट गेली. दिवे, लॅपटॉप, सेंट्रिफ्यूज, नेब्युलायझर आणि लसीचा लहान फ्रीज धरून आणखी दोन. म्हणजे दिवसाला पाच युनिट. दवाखान्याच्या गाडीच्या टपावर फार तर एक किलोवॉटची पॅनेल मावतात. मे महिन्यात ती कागदावर पाच युनिट देतील, प्रत्यक्षात त्याहून कमीच. कारण पॅनेल जितके तापते तितके मंद पडते, आणि नंदुरबारचा मे कसा असतो हे सांगायला नको. ऑगस्टमध्ये ढगांखाली दोन-अडीच युनिट हाती लागली तरी पुष्कळ.

आणि दवाखान्याची खरी गरज असते ती ऑगस्टमध्येच. अतिसार, हिवताप, सर्पदंश हे पावसाळ्याचेच पाहुणे. नाले भरतात, घाटात दरडी येतात, रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावे लागते. ऊन सर्वांत कमी आणि रुग्ण सर्वांत जास्त, असा हा महिना आहे. वर्षभराच्या सरासरी उन्हावर बेतलेली यंत्रणा नेमकी याच महिन्यात उघडी पडते. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे: सातपुड्यात जो विजेचा आराखडा करील त्याने हिशेब ऑगस्टचा धरावा, सलग तीन ढगाळ दिवसांचा साठा धरावा, आणि मगच पॅनेल किती ते ठरवावे.

तसा हिशेब केला की गाडीचा टप पुरत नाही हे लगेच कळते. मग उपाय काय? पॅनेल पाड्यावर राहू द्यावीत आणि बॅटरी फिरू द्यावी. आश्रमशाळा, उपकेंद्रे, अंगणवाड्या यांची छपरे आहेतच. तिथे भरलेली बॅटरी तयार असावी. पथकाने रिकामी ठेवून भरलेली उचलावी. पाच युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पन्नास किलोच्या आसपास भरते, दोघांना सहज उचलता येते. तेवढेच काम शिशाच्या बॅटऱ्यांकडून करून घ्यायचे तर अडीच-तीनशे किलो वाहावे लागतील, कारण त्यांची निम्म्याहून अधिक वीज रोज काढली की त्या लवकर मरतात. घाट चढणाऱ्या गाडीचा अल्टरनेटरही फिरतच असतो. त्याच्यावरून वाटेत बॅटरी भरण्याची सोय स्वस्तात होते. डिझेल जनरेटर अडीअडचणीला असावा, पण त्याचे डिझेलही त्याच घाटाने वर चढवावे लागते.

दुसरी गोष्ट, उकळण्या-तापवण्याचे काम बॅटरीवर टाकू नये. ऑटोक्लेव्ह दीड-दोन किलोवॉट ओढतो. हत्यारे रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात निर्जंतुक करून, बांधून न्यावीत. वर गरज पडलीच तर गॅसवरचा स्टरिलायझर पुरतो. हा नियम आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिला तर निम्मा खर्च वाचेल.

लसीचे काम त्याहून नाजूक. सत्राच्या सकाळी एएनएम डीप फ्रीझरमधला आइसपॅक बाहेर काढून ठेवते, थोड्या वेळाने कानाशी धरून हलवते. आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला की मगच तो व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये जातो. असे चार पॅक, आणि मध्ये लस. कारण लस 2 ते 8 अंशांतच राहायला हवी, आणि पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस-बीची लस उष्णतेपेक्षाही गोठण्याने लवकर वाया जाते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणाऱ्या ऑक्सिटोसिनलाही थंडावा लागतो. एवढी काळजी घेणाऱ्या बाईच्या फ्रीजची वीज जर पंखा आणि मोबाइल चार्जर यांच्याच बोर्डावरून जात असेल, तर दोष तिचा नाही. लसीची वीज वेगळी, तिला कोणी हात लावू नये. जिथे दवाखाना कायम थांबतो तिथे बॅटरीशिवाय थेट उन्हावर चालणारे सौर फ्रीज ठेवावेत. ते वीज साठवत नाहीत, बर्फ साठवतात.

मोबाइलचे काय? पाड्यावर गाडी आली की लोक चार्जर घेऊन येणारच. त्यांना हाकलणे शक्य नाही आणि योग्यही नाही. बाहेरच्या बाजूला शंभर वॉटचे स्वतंत्र पॅनेल आणि एक बोर्ड द्यावा, वाद मिटला.

हे सगळे नंदुरबारला जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांना बिलगाव आठवावे. अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यातल्या या गावाने 2003 मध्ये धबधब्यावर 15 किलोवॉटचा लघुजलविद्युत प्रकल्प उभा केला. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे तरुण अभियंते, नर्मदा बचाव आंदोलन आणि गावकऱ्यांचे श्रमदान, एवढ्यावर. ‘स्वदेस’ चित्रपटातला वीजनिर्मितीचा प्रसंग याच गावावरून सुचल्याचे सांगितले जाते. 2006 च्या पावसाळ्यात धरणाच्या फुगवट्याने तो प्रकल्प गिळला. वीज तयार करणाऱ्या गावाची वीज बुडवून मोठी वीज तयार झाली, यावर अधिक भाष्य कशाला? कोविडच्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे ऑक्सिजनसाठी धावत होती तेव्हा या जिल्ह्याकडे स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प होते, हेही फार जुने नाही. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी लाट येण्याआधी तयारी केली होती.

अडते ते नंतर. यंत्रणा बसवणारा ठेकेदार बिल घेऊन जातो, फ्यूज उडतो, आणि पंचवीस रुपयांच्या सुट्या भागासाठी लाखांचा संच धूळ खातो. छत्तीसगडमध्ये क्रेडा या सरकारी संस्थेने शेकडो आरोग्य केंद्रांना सौर वीज दिली, ती देखभालीची साखळी उभी केली म्हणून. आपल्याकडे आदिवासी उपयोजनेतून खरेदीला पैसा मिळतो. देखभालीचे लेखाशीर्ष शोधायला गेले की कागद फिरू लागतात. जिल्हा नियोजन समितीने ठेकेदाराला किलोवॉटवर नव्हे तर वीज सुरू राहिलेल्या दिवसांवर पाच वर्षे हप्त्याने पैसे द्यावेत. सुटे भाग धडगाव आणि मोलगीत ठेवावेत. स्थानिक पावरा-भिल्ल मुलामुलींना आयटीआयमधून या कामाचे शिक्षण देऊन मानधनावर नव्हे, पगारावर नेमावे. विजेतल्या त्या 27 टक्क्यांच्या बदल्यात राज्याने निदान एवढा पगार उचलायला हरकत नसावी.

आणि पुढच्या निविदेत एक अट घालावी. यंत्रणेची स्वीकृती-चाचणी फेब्रुवारीत नंदुरबारच्या मैदानावर फीत कापून होणार नाही. ती ऑगस्टमध्ये, मोलगीच्या वरच्या एखाद्या पाड्यावर, पावसाच्या सलग तीन दिवसांत होईल. त्यात फ्रीजचे तापमान 2 ते 8 अंशांत राहिले तरच पहिला हप्ता मंजूर करावा.