कौतुक पुरे, प्रत्याभरण हवे

शिक्षकांसाठी भरणाऱ्या कार्यशाळेचा शेवटचा अर्धा तास बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. दोघे-तिघे शिक्षक मनोगत व्यक्त करतात, अभिप्राय पत्रकावर ‘अतिशय उपयुक्त’ असे लिहून दिले जाते, आभारप्रदर्शन होते आणि मंडळी चहाकडे वळतात. मार्गदर्शक समाधानाने परततो आणि तीच कार्यशाळा पुढच्या तालुक्यात जशीच्या तशी घेतो. तिच्यातील कोणता भाग फसला, कोणते उदाहरण कोणालाच उमगले नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगितले असते, तरी ती वेळ निघून गेलेली असते. कारण अभिप्राय मागितला जातो तो कार्यक्रम आटोपल्यावर. कार्यक्रम घडत असताना नव्हे.

वस्तुतः सहकाऱ्यांकडून आपले काम तपासून घेण्याची रीत शिक्षकांना परकी नाही. बी. एड. झालेल्या असंख्य शिक्षकांनी सूक्ष्म अध्यापनाचे पाठ दिलेले आहेत. 1963च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मलेली ही पद्धती एन.सी.ई.आर.टी.ने भारतीय परिस्थितीला अनुरूप करून घेतली. तिचे चक्र 36 मिनिटांचे आहे. 6 मिनिटे अध्यापन, 6 मिनिटे प्रत्याभरण, 12 मिनिटे पुनर्नियोजन, 6 मिनिटे पुनराध्यापन आणि पुन्हा 6 मिनिटे प्रत्याभरण. यात सर्वाधिक वेळ शिकवण्याला नाही आणि टीका ऐकण्यालाही नाही. तो आहे ऐकलेल्यावर विचार करून पाठ पुन्हा बांधण्याला. या वाटणीतच त्या पद्धतीचे मर्म आहे. दुर्दैवाने पदवी हाती पडली की हे चक्र थांबते. त्यानंतर वर्गात येतो तो तपासणीसाठी आलेला अधिकारी. सहकारी क्वचितच येतो.

जपानमधील शाळांनी हे चक्र थांबू दिले नाही. ‘जुग्यो केंक्यू’ म्हणजे पाठ-अभ्यास, ही तेथील शतकाहून जुनी परंपरा. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हिबर्ट यांच्या 1999 सालच्या पुस्तकामुळे ती इतर देशांतील शिक्षणक्षेत्राला परिचित झाली. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. त्यांपैकी एक जण तो वर्गात घेतो. बाकीचे मुलांची वही, चेहरा आणि उत्तरे निरखतात. मग सर्व जण एकत्र बसून पाठाची चिकित्सा करतात, तो दुरुस्त करतात आणि बहुधा दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गात तो पुन्हा घेतो. पाठ सर्वांनी आखलेला असल्यामुळे दोषही सर्वांचाच ठरतो. एका व्यक्तीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा प्रश्नच येत नाही.

अशा चिकित्सेने काय साधते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. वजाबाकीवरील कार्यशाळेत मार्गदर्शकाने 43 वजा 21 हे उदाहरण निवडले, तर सर्व मुले 22 हे बरोबर उत्तर देतील आणि पाठ यशस्वी झाल्याचा भास होईल. एखादा अनुभवी सहकारी सुचवेल, ‘गुरुजी, 43 वजा 17 घेऊन पाहा.’ आता काही मुले 34 लिहितील. कारण 3 मधून 7 जात नाहीत म्हणून त्यांनी 7 मधूनच 3 वजा केलेले असतील. बरोबर उत्तर 26. पहिल्या उदाहरणाने झाकलेली चूक दुसऱ्याने उघडी पाडली. दोन अंकांचा हा फेरफार दुसऱ्याच्या नजरेमुळेच सुचला. तो झाला नाही, तर ती कार्यशाळा ऐकून गेलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात काही मुले तीच चूक उराशी बाळगून वरच्या इयत्तेत जातील. खरे नुकसान होते ते या मुलांचे.

मग ही रीत आपल्याकडे रुजत का नाही? एक कारण भीड. ज्येष्ठांना दोष कसा दाखवावा, हा संकोच. दुसरे कारण त्याच्या नेमके उलट, म्हणजे दोष दाखवण्यातच धन्यता मानणारी वृत्ती. या दोहोंवर आपल्या न्यायदर्शनाने फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्याच्या निर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडून काढते ती वितंडा. शिक्षकांच्या खोलीत आज स्तुती तरी असते किंवा जल्प तरी. अभाव आहे तो वादाचा. ‘हे जमले नाही’ असे म्हणणाऱ्याने ‘येथे असे करून पाहू’ हेही सांगावे, एवढा एक दंडक पाळला तरी वितंडेला जागा उरणार नाही.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. जवळच्या शाळांनी शाळासमूह म्हणून परस्परांना साहाय्य करावे, ही सूचना कोठारी आयोगाने 1966 सालीच केली होती. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती पुन्हा मांडली आणि प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षाही व्यक्त केली. महाराष्ट्रात केंद्रे आहेत, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदाही भरतात. प्रश्न आहे तो या तासांत काय घडते याचा. परिपत्रकांचे वाचन आणि व्याख्यान एवढ्यावरच ते संपणार असतील, तर 50चे 100 तास केले तरी वर्गातील फळ्यावर फरक पडणार नाही.

कोणतीही कार्यशाळा शे-दीडशे शिक्षकांपुढे नेण्यापूर्वी ती पाच सहकाऱ्यांपुढे एकदा घ्यावी. आपल्याला काय साधले नाही, हे प्रथम मार्गदर्शकाने स्वतः सांगावे. वयाने आणि पदाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्याने सर्वांत शेवटी बोलावे. चर्चेतील एकही शब्द कोणाच्या गोपनीय अहवालात जाऊ नये. आणि दुरुस्तीनंतर ती कार्यशाळा त्याच पाच जणांपुढे पुन्हा घ्यावी. संस्थाचालकांनी एवढी मोकळीक आणि एवढा वेळ दिला, तर शिक्षक मागे राहणार नाहीत. विद्यार्थ्यांच्या चुका रोज तांबड्या शाईने दाखवणाऱ्याने स्वतःची वहीही अधूनमधून सहकाऱ्यापुढे उघडावी, हीच अपेक्षा.