कर्जबाजाऱ्याच्या सुटकेचा कायदा अद्याप कागदावरच

कर्ज फेडणे अशक्य झालेल्या सामान्य माणसाला सन्मानाने मोकळे होण्याचा मार्ग मिळावा, यासाठी संसदेने २०१६ मध्ये दिवाळखोरी संहितेत स्वतंत्र तरतूद केली. मात्र संहितेचा व्यक्तींविषयीचा तिसरा भाग सामान्य ऋणकोसाठी अद्याप अमलात आलेला नाही. डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील आव्हान दिलेली कलमे वैध ठरवली. परिणामी वाराणसीच्या रामघाटावरील एखाद्या छोट्या दुकानदाराला आज नादारीचा अर्ज करायचा असेल, तर ब्रिटिश राजवटीतील १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याकडेच वळावे लागते.

पंचगंगा घाटाजवळचा रामघाट मराठी यात्रेकरूंना परिचित आहे. या परिसरात मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. येथील पूजासाहित्याचे विक्रेते, नावाडी आणि लहान दुकानदार यांची कमाई यात्रेच्या हंगामावर अवलंबून असते. पावसाळ्यात गंगेला पूर आला की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा बंद होतात. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढण्याची साखळी येथूनच सुरू होते.

रुपयाला आठ आणे

राहण्याचे ठिकाण बदलले की नादारीचा कायदाही बदलतो. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांत १९०९ चा कायदा लागू असून अर्ज उच्च न्यायालयात करावा लागतो. वाराणसी असो वा सोलापूर, इतरत्र १९२० चा कायदा लागू आहे आणि अधिकार जिल्हा न्यायालयाकडे आहेत. किमान ५०० रुपयांचे कर्ज असलेल्या आणि ते फेडण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीला अर्ज करता येतो. न्यायालयाने नादार घोषित केल्यावर तिची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा प्रापकाच्या ताब्यात जाते. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीवाचून धनकोला स्वतंत्र दावा लावता येत नाही. मात्र तारण घेतलेल्या धनकोचा हक्क कायम राहतो. त्यामुळे गहाण सोने किंवा घर या अर्जाने वाचत नाही.

नादार ठरणे म्हणजे कर्जमुक्त होणे नव्हे. मुक्ततेसाठी ठरलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो, अन्यथा नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो. मालमत्तेतून विनातारण देण्यांच्या निम्मी, म्हणजे कायद्याच्या भाषेत रुपयाला आठ आणे, रक्कम निघत नसेल, तर ही स्थिती आपल्या दोषामुळे आलेली नाही हे ऋणकोला न्यायालयाला पटवून द्यावे लागते. मुक्तता मिळेपर्यंत संसद किंवा विधिमंडळाचे सदस्यत्वही राज्यघटनेनुसार मिळत नाही.

नव्या संहितेतील विसंगती

२०१६ च्या संहितेत अत्यंत गरीब ऋणकोसाठी ‘नवी सुरुवात’ ही प्रक्रिया आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा, मालमत्ता २०,००० रुपयांपेक्षा आणि पात्र कर्ज ३५,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे, तसेच स्वतःचे घर नसावे, अशा तिच्या प्रमुख अटी आहेत. उलट रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण सूक्ष्म कर्ज मिळू शकते. एक मर्यादा व्यक्तीची आणि दुसरी कुटुंबाची असली, तरी तफावत मोठी आहे. कर्ज देताना जो गरीब मानला जातो, तो कर्जातून सोडवताना पुरेसा गरीब ठरत नाही. म्हणूनच तिसरा भाग उद्या जसाच्या तसा लागू झाला, तरी अनेक गरजू त्याबाहेर राहतील.

आज उपलब्ध असलेले संरक्षण

असे असले तरी ऋणको अगदीच निराधार नाही. कर्ज थकणे हा स्वतः गुन्हा नाही. केवळ दारिद्र्यामुळे कर्ज न फेडणाऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करण्यास दिवाणी प्रक्रिया संहितेत मनाई आहे. महिला गटांमार्फत घेतलेल्या कर्जांच्या संदर्भात ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. कारागिराची अवजारेही जप्त करता येत नाहीत. मात्र कर्जफेडीसाठी दिलेला धनादेश न वटल्यास फौजदारी खटला होऊन दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे हप्त्यापोटी कोरे धनादेश देणे धोक्याचे ठरते.

सूक्ष्म कर्जांचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत आणि वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. तक्रार प्रथम संबंधित संस्थेकडे लेखी करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

काशीच्या घाटांवर पितृऋण फेडण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. कायद्याने मात्र या दोन ऋणांत आता फरक केला आहे. वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य आहे, या एकाच आधारावर त्याच्याकडून वसुली करण्याचा मार्ग हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने त्यापुढील कर्जांसाठी बंद केला. वारसाची जबाबदारी सामान्यतः त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यानंतर चारच वर्षांत, १८७९ मध्ये, परकीय सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी विशेष कायदा केला आणि त्यात नादारीलाही स्थान दिले. स्वतंत्र भारतात २०१६ चा कायदा तयार आहे. त्यातील मर्यादा वाढवून तो अमलात आणण्याची अधिसूचना तेवढी निघायची आहे. ती निघेपर्यंत प्रामाणिक ऋणकोसमोर शंभर वर्षांपूर्वीचा कायदा किंवा आणखी एक कर्ज, एवढेच पर्याय उरतात.