पेन्सिल तुटली का, हे विचारा

प्रति,
मा. संजयभाऊ देशमुख,
खासदार, यवतमाळ-वाशीम

संजयभाऊ,

२८ जुलै २०२५ला लोकसभेत ऑपरेशन सिंदूरवर चर्चा सुरू झाली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह म्हणाले, परीक्षेत निकाल पाहायचा असतो. पोराची पेन्सिल तुटली की पेन हरवलं, याकडे लक्ष द्यायचं नसतं. रोख आपली विमानं किती पडली, हे विचारणाऱ्यांवर होता. विमानं पडल्याचं तर तेव्हाचे संरक्षणदल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजीच सिंगापुरात ब्लूमबर्गला दिलेल्या मुलाखतीत मान्य केलं होतं. आकडा तेवढा दिला नव्हता. ब्लूमबर्गच्या प्रेक्षकाला जे आधी कळलं, ते कळंबच्या मतदाराला आपल्या संसदेतून पहिल्यांदा कळायला नको होतं का?

कापसाच्या हमीभावावर प्रश्न विचारला म्हणून कुणी शेतकऱ्यांचा वैरी ठरत नाही. सैन्याच्या बाबतीतच विचारणाऱ्याच्या निष्ठेची झडती का?

तुम्ही विरोधी बाकांवर आहात, म्हणून तिकडचंही बोलतो. तहलका प्रकरणानंतर राजीनामा दिलेले जॉर्ज फर्नांडिस २००१मध्ये परत संरक्षणमंत्री झाले, तेव्हा काँग्रेससह विरोधकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कारगिलच्या शवपेट्यांच्या खरेदीवरून घोषणा तर भयंकर झाल्या. पण मंत्री बोलायला उठला की आपण निघून जायचं, तर मग त्याला जाब कोण विचारणार?

१९६२मध्ये याहून बरं घडलं होतं. चीनशी लढाई सुरू असताना, ८ नोव्हेंबरला संसद भरली. अधिवेशन बोलवा म्हणणाऱ्यांत वाजपेयी होते. गुप्त बैठकीची सूचना नेहरूंनी मानली नाही. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला. ते वाक्य आपण अजून अभिमानानं म्हणतो, पण पुढचं विसरतो. २ सप्टेंबर १९६३ला यशवंतराव लोकसभेत उभे राहिले आणि प्रशिक्षण, साधनसामग्री, सेनापतींची कामगिरी यांत सैन्य कुठे कमी पडलं, ते त्यांनी सांगितलं. पराभवाच्या वर्षभरात!

मात्र ज्या अहवालावर ते निवेदन उभं होतं, तो हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांचा अहवाल त्यांनी मांडला नाही. चीनचा घाव ताजा होता, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. पण २०१०मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनी यांनीही तो संवेदनशील म्हणून नाकारला. मार्च २०१४मध्ये विरोधी बाकांवरून अरुण जेटलींनी विचारलं, अशी कागदपत्रं कायमची दडवायची का? जुलैत तेच संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेला कळवतात की, अहवाल उघड करणं राष्ट्रहिताचं नाही. चार महिन्यांत राष्ट्रहित बदललं नाही, बाक बदललं.

म्हणून विनंती एवढीच. भाषण नको, तारांकित प्रश्न टाका. त्याला मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर पूरक प्रश्नही विचारता येतात. हेंडरसन ब्रुक्स अहवाल कधी खुला होणार? आणि कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी २०००मध्ये, काही भाग वगळून का होईना, संसदेत मांडला गेला. तसा सिंदूरचा आढावा संसदेपुढे येणार की नाही? प्रश्न सोडतीत निघाला नाही, तर पुढच्या अधिवेशनात परत टाका.

आणि उद्या तुमचा पक्ष सत्तेत बसला, तरी हेच दोन प्रश्न विचाराल, एवढं आम्हाला आजच लिहून द्या.

आपला,
एक मतदार
कळंब, जि. यवतमाळ