साखरेच्या गावाहून साखरेच्या बेटाकडे

गेली काही वर्षे आमच्या सधन व सुशिक्षित घरांतून एक नवेच बोलणे कानी पडू लागले आहे. पूर्वी मुलगा अमेरिकेस गेला, मुलगी इंग्लंडात स्थायिक झाली, असे अभिमानाने सांगत; आता सबंध कुटुंबच एखाद्या कॅरिबियन बेटाचे नागरिक होण्याचे घाटत आहे, असे सांगतात. हे बोलणे मलबार हिलवरचे असते तर आम्ही लेखणी उचललीच नसती. तेथील श्रीमंतांच्या लहरींची दखल घेण्यास दुसरी नियतकालिके समर्थ आहेत. परंतु नीरा डाव्या कालव्याच्या काठची, बारामती व इंदापूर तालुक्यांतील, चार पिढ्यांपूर्वी जिराईत बाजरीवर जगणारी घरेही जेव्हा सेंट किट्स, डोमिनिका, ग्रेनेडा ही नावे भिगवण-बावड्याइतक्या सहजतेने घेऊ लागतात, तेव्हा हे प्रकरण काय आहे, याचा विचार करणे प्राप्त होते.

प्रथमच सांगून टाकतो की, देशांतर हे पाप आहे असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. समुद्र ओलांडल्यावर प्रायश्चित्त घ्यावे की नाही, हा वाद आमच्या पणजोबांनी भांडून संपविला आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकावयास अमेरिकेस निघाल्या, तेव्हा नाके मुरडणाऱ्यांची नावेही आज कोणास आठवत नाहीत. शिवाय बारामतीकराने स्थलांतरास नावे ठेवणे म्हणजे प्रत्यक्ष मोरोपंतांस नावे ठेवणे होय. पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी बारामतीस आला, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिला, आणि १७९४ मध्ये तेथेच त्याने देह ठेविला. आर्याभारत कऱ्हेच्या काठी झाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर आले, आणि गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथे साखरेचा कारखाना उभा राहिला. त्या वस्तीस आज वालचंदनगर म्हणतात. बाहेरून आलेल्या माणसांनी या भूमीचे भलेच केले आहे. मात्र ती माणसे आली, येथे खपली, आणि त्यांच्या येण्याने येथे काहीतरी नवे उभे राहिले, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता दलाल जी वस्तू विकतात ती पाहू. सेंट किट्स व नेव्हिस हे दोन बेटांचे राष्ट्र आहे. क्षेत्रफळ २६१ चौरस किलोमीटर, म्हणजे बारामती तालुक्याचा पाचवा हिस्साही नाही. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. १९८३ साली हे राष्ट्र स्वतंत्र झाले, आणि १९८४ सालीच पैसे गुंतविणाऱ्या परकीयास नागरिकत्व देण्याचा कायदा तेथे झाला. पुढे १९९३ मध्ये डोमिनिका, २०१३ मध्ये अँटिग्वा व ग्रेनेडा, आणि त्यांच्या मागून सेंट लुसिया, अशी पाच दुकाने झाली. दुकाने वाढली की भाव पडावयाचेच. तेव्हा बाजार समितीच्या आवारात व्यापारी आपसांत भाव ठरवितात त्याप्रमाणे यांतील चार राष्ट्रांनी २०२४ साली करार करून, दोन लक्ष डॉलरांखाली नागरिकत्व विकावयाचे नाही, असे ठरविले. आपल्या पैशांत ही रक्कम पावणेदोन कोटी रुपयांच्या घरात जाते. कुटुंब मोठे असेल तर अधिक.

परंतु या व्यापाराचा जो भाग ऊस पिकविणाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक पाहावा तो निराळाच आहे. सेंट किट्समध्ये तीन शतकांहून अधिक काळ ऊस हेच पीक होते. गुलामांच्या घामावर तो वाढला, गुलामगिरी संपल्यावर मजुरांच्या घामावर टिकला, अखेर सरकारच्या मालकीचा झाला. आणि तोटा व कर्ज यांखाली दबून २००५ च्या हंगामानंतर तो कायमचा बंद पडला. दुसऱ्याच वर्षी, २००६ साली, साखरेवर जगणाऱ्या त्या देशास दुसरा धंदा शोधून देण्याकरिता एक प्रतिष्ठान स्थापन झाले. या प्रतिष्ठानास देणगी दिली की परकीयास नागरिकत्व मिळे, अशी योजना पुढे कित्येक वर्षे चालली. म्हणजे ऊस बुडाल्यावर त्या बेटाने पासपोर्टाचे पीक घेतले! भवानीनगर, सोमेश्वरनगर अथवा माळेगाव येथील कारखान्याच्या सभासदाने हे दोनदा वाचावे. त्याच्या उसाच्या पैशातून मुलाने जे नागरिकत्व घ्यावयाचे योजिले आहे, ते उसाचा धंदा बसलेल्या एका गावच्या लोकांनी पोट भरण्याकरिता बाजारात मांडलेले आहे. त्या लोकांस आम्ही दोष देत नाही. ज्याच्याजवळ विकावयास दुसरे काही उरले नाही, तो घराचे दार विकतो. दोष द्यावयाचाच तर, असले दार विकत घेऊन आपण घर घेतले असे मानणाऱ्यास द्यावा लागेल.

कॅरिबियन समुद्राची आणि हिंदी माणसाची ओळख काही आजची नाही. १८४५ च्या मे महिन्यात ‘फातेल रझाक’ नावाचे जहाज सव्वादोनशे हिंदी मजूर घेऊन त्रिनिदादच्या किनाऱ्यास लागले. १८५७ साली असेच एक जहाज ग्रेनेडास पोहोचले. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठविलेल्या या लोकांस ‘गिरमिटिये’ म्हणत. जहाजे मुख्यतः कलकत्त्याहून व मद्रासेहून सुटत. मुंबई बंदरातून मराठी माणसे गेली ती बहुतेक मॉरिशसला. तेथे त्यांचे वंशज आजही गणेशचतुर्थी करितात आणि तो दिवस त्या देशात सार्वजनिक सुटीचा असतो. ही पद्धत बंद करावी असा ठराव पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. पण पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, सरकारास ही मजूरभरती थांबवावी लागली. या गिरमिटियांपैकी पुष्कळ जण परतलेच नाहीत. उसाच्या मळ्यात राबले, जमिनीचे तुकडे घेतले, शाळा काढल्या, आणि ज्या त्रिनिदादमध्ये त्यांस कुळी म्हणून हिणवीत, त्याच त्रिनिदादचे पंतप्रधानपद १९९५ साली त्यांच्या वंशातील बासदेव पांडे यांनी मिळविले. दलाल आपल्या पत्रकात या इतिहासाचा उपयोग करितात, म्हणूनच येथे तो सांगावा लागला. “तेथे आपलेच लोक आहेत, दिवाळीची सुटी आहे, देवळे आहेत,” असे ते म्हणतात. आहेत खरी! पण ती ज्यांनी बांधली ते तेथे राहिले म्हणून आहेत. आमच्या नव्या नागरिकांस तेथे राहावयाचेच नाही. अँटिग्वाने पुष्कळ वर्षे अट ठेविली होती ती, पहिल्या पाच वर्षांत पाच दिवस तेथे काढावेत, एवढीच. पाच वर्षांत पाच दिवस! पंढरीचा वारकरी एका आषाढीत याहून अधिक दिवस इंदापूरच्या वाटेवर काढतो.

अशाच एका गृहस्थांस आम्ही विचारिले की, अर्जात वृद्ध मातोश्रींचे नाव घातले आहे, त्या बेटावर जाणार काय? ते हसून म्हणाले, “छे हो! आई वाड्यातच राहील. कोणालाच कोठे जायचे नाही.” सबंध कुटुंबाने परदेशी व्हावे आणि घरातील पाट-पाणीही हलू नये, हे स्थलांतर आमच्या आकलनापलीकडचे आहे.

मग हे घेतात तरी कशाकरिता? या प्रश्नाचे उत्तर टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण ते उत्तर अगदीच पोकळ नाही. हिंदी पासपोर्ट घेऊन परदेशच्या वकिलातीपुढे रांगेत उभे राहणे, कागदामागून कागद दाखविणे, आणि तरीही नकार मिळणे, हा अनुभव अपमानाचा आहे. कामाकरिता वारंवार परदेशी जाणाऱ्या कारखानदारास त्याचा वीट आला, तर आम्ही त्यास हसणार नाही. परंतु हा मान उसना असतो. डोमिनिकाच्या पासपोर्टावर इंग्लंडात व्हिसाशिवाय जाता येत असे. २०२३ च्या जुलैत इंग्रज सरकारने ती सवलत एका फटक्यासरशी काढून घेतली, आणि कारण दिले ते हेच की, नागरिकत्व अपात्र माणसांस विकले जात होते. युरोपातील माल्टा देशाचा असाच व्यापार २०२५ च्या एप्रिलमध्ये युरोपीय न्यायालयाने बेकायदा ठरविला. ज्या मानाची किल्ली तिसऱ्याच्या खिशात आहे, त्यावर पावणेदोन कोटी लावणे, हा हिशोब एरवी आडत्याचा पैन् पैचा जमाखर्च तपासणाऱ्या शेतकऱ्यास पटतो कसा, याचे आम्हांस नवल वाटते.

कायद्याची बाजू तर दलाल हलक्या आवाजातच सांगतात. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. दोन देशांचे नागरिकत्व आपल्याकडे नाही. ‘ओसीआय’ म्हणून जे कार्ड मिळते, ते दीर्घ मुक्कामाचा परवाना होय, नागरिकत्व नव्हे. मत जाते, निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क जातो. आणि आमच्या भागातील माणसास याहून झोंबेल अशी गोष्ट म्हणजे, असा माणूस शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. वाडवडिलांची वारसाने आलेली राखता येते. पण बांधालगतचा एक गुंठा विकावयास निघाला, तर तो त्यास घेता येत नाही, आणि स्वतःची विकावयाची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावी लागते. बांधासाठी भावाभावांत तीन-तीन पिढ्या दावे चालविणाऱ्या मुलखात हे कलम मुलांस वाचून दाखवावे, अशी आमची वडीलधाऱ्यांस विनंती आहे.

वादळांविषयी अधिक लिहीत नाही. २०१७ च्या सप्टेंबरात ‘मारिया’ने डोमिनिकात होत्याचे नव्हते केले, आणि त्याच महिन्यात ‘इर्मा’ वादळानंतर बार्बुडा बेट पूर्ण रिकामे करावे लागले. तेथील माणसांनी घरे पुन्हा उभारली. त्या रात्री विकतचे नागरिक कोठे होते, हे विचारण्यात आता स्वारस्य नाही.

“पैसा आमचा, तुम्ही कोण विचारणार?” हा शेवटचा सवाल आम्हांस ठाऊक आहे. पण पैसा कोणाचा, याचेही थोडे उत्खनन व्हावयास हवे. नीरा डाव्या कालव्याच्या कामास १८७६-७७ च्या दुष्काळात हात लागला. अन्नान्न झालेल्या लोकांनी दुष्काळी कामावर टोपली वाहिली. त्या पाटाने भाटघरच्या धरणाचे पाणी बारामती-इंदापुरास आणले, आणि ज्याच्या शेतास ते लागले, तो बागाईतदार झाला. ज्याचे उंचावर राहिले, तो आजही सुप्याच्या बाजूस पावसाची वाट पाहतो. पुढे उजनीचे धरण झाले आणि पळसदेवासारखी इंदापूर तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. पाणी आटते त्या उन्हाळ्यात जुने देऊळ वर येते, तेव्हा ते बघावयास आता मोटारी लोटतात. त्या गावच्या माणसांनीही कुटुंबासह स्थलांतर केले. कोणी त्यांस पत्रके वाटली नव्हती.

आणि दर दिवाळीच्या सुमारास जे स्थलांतर आमच्या डोळ्यांदेखत होते, त्याचे काय? बीड, आष्टी, पाटोद्याकडून ट्रकांतून, ट्रॅक्टरांतून, बैलगाड्यांतून ऊसतोड कामगार या दोन तालुक्यांत उतरतात. नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराने होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याकरिता सहा महिने उसाच्या फडात आणि पाचटाच्या कोपीत काढावयाचे. काम चुकले तर खाडा, उचल फिटली नाही तर पुढल्या हंगामाचे बंधन. कराराचा कागदही पुष्कळदा नसतो, एवढाच गिरमिटाहून फरक. बरोबर आलेल्या मुलांची गावची शाळा बुडते. येथली साखरशाळा असली तर असते, नसली तर मुलगी कोपीत धाकट्यास सांभाळते. या कुटुंबाच्या कोयत्याने तोडलेला ऊस गाळून जो पैसा झाला, तोच बेटाच्या तिजोरीत देणगी म्हणून जातो. एका अर्जाच्या रकमेत फडाजवळ मुलांकरिता हंगामी वसतिगृह बांधून ते काही वर्षे चालविता येईल. आम्ही हिशोबनीस नाही, पण एवढा अंदाज कोणासही करता येईल.

दरवर्षी लाखो भारतीय नागरिकत्व सोडतात; २०२२ साली ही संख्या सव्वादोन लाख होती. त्यांतील बहुतेक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे खरोखर राहावयास गेलेले आहेत, आणि त्यांच्याविषयी हा लेख नाही. बेटांकडे वळणारी घरे आज थोडी आहेत. पण आमच्या भागात द्राक्षे, डाळिंब, इंग्रजी शाळा, सगळे असेच एका घरापासून सुरू झाले आणि दहा वर्षांत गावभर पसरले. म्हणून आताच लिहिले.

कोणी डॉक्टर, शिक्षक अथवा शेतीतज्ज्ञ बायकामुलांसह ग्रेनेडास वा डोमिनिकास जाऊन खरोखर वस्ती करणार असेल, तेथील मुले शिकविणार असेल, ठिबकाचे पाणी आमच्या द्राक्षबागेस कसे दिले, ते तेथील शेतकऱ्यास दाखविणार असेल, तर त्याने खुशाल जावे. तेथील पाऊस, बाजार, शाळा, शेजारी यांविषयी त्याने लिहून पाठविलेली पत्रे आम्ही या मासिकात क्रमशः छापू.