चालतंय ना, मग हात कशाला?

सर्व्हरच्या ओएसचा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळतं: "चालतंय ना, मग हात कशाला लावता?" वरवर हे शहाणपण वाटतं. माझ्या मते ही उधारी आहे, आणि तिचं व्याज दर आवृत्तीला वाढतं.

डेबियनचंच घ्या. १० वी आवृत्ती २०१९ मध्ये आली, ११ वी २०२१ मध्ये, १२ वी २०२३ मध्ये. दहाचे दीर्घ मुदतीचे सिक्युरिटी अपडेट्स जून २०२४ मध्ये थांबले. मग घाई सुटते आणि थेट बारावर उडी मारावीशी वाटते. पण डेबियन मधली पायरी गाळू देत नाही. आधी ११, मगच १२. त्यात अकरामध्ये पीएचपी ७.४ आणि बारामध्ये ८.२. मधल्या ८.० मध्ये काही जुनी फंक्शन्स कायमची गेली. पास होऊन गेलेल्या सीनियरने लिहिलेला मेस-बिलाचा प्रोग्राम नेमका तिथेच आडवा पडू शकतो.

म्हणून हे काम परीक्षेच्या तोंडावर नको, सुट्टीत करा. बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा, रंगीत तालीम त्याच मशीनवर घ्या. एक पायरी चढा, सगळं तपासा, मग पुढची.

सरांना एकच विनंती: यात दोन-तीन थर्ड इयरची पोरं सोबत घ्या आणि केलेलं सगळं वहीत लिहून ठेवायला लावा. पोरं दरवर्षी निघून जातात, सर्व्हर इथेच राहतो.