मैदानाबाहेर ठरणारे अजिंक्यपद

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटाचा राष्ट्रीय विजेता एनसीएए ही विद्यापीठीय खेळांची नियामक संस्था ठरवत नाही, आणि आजवर तिने तो कधीच ठरवलेला नाही. बास्केटबॉल, कुस्ती, जलतरण यांच्या राष्ट्रीय स्पर्धा हीच संस्था भरवते. फुटबॉलच्या खालच्या गटांतही १९७३पासून बाद पद्धतीने विजेता निघतो. सर्वांत जास्त प्रेक्षक आणि सर्वांत जास्त पैसा असलेला गटच तेवढा वेगळा राहिला. तिथे पत्रकारांची मते, प्रशिक्षकांची मते, प्राध्यापकांची सूत्रे, संगणक, करार आणि निवड समिती असे सगळे मार्ग वापरून झाले. स्पर्धा आखणाऱ्या, मानांकने ठरवणाऱ्या आणि निवड समित्यांवर बसणाऱ्यांसाठी इतका सविस्तर नोंदलेला प्रयोग दुसरा सापडणे कठीण आहे.

अडचणीचे मूळ साध्या गणितात आहे. वरच्या गटात आज १३०हून अधिक संघ आहेत आणि एक संघ नियमित हंगामात १२ सामने खेळतो. हा धडकांचा खेळ आहे. आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना शरीराला झेपत नाही, त्यामुळे सर्वांची साखळी अशक्य आणि लांबलचक बाद फेरीही अवघड. बहुतेक सामने आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या संघटनेत, होतात. परिणामी देशाच्या दोन टोकांच्या दोन अपराजित संघांना पुष्कळदा एकही समान प्रतिस्पर्धी नसतो. त्यांची तुलना करताना दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळतात: उद्या सामना झाला तर कोण जिंकेल, आणि हंगामभरात कोणी जास्त कमावले? जवळजवळ प्रत्येक वाद या सरमिसळीतून उभा राहिला आहे.

पहिला सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. त्यानंतरच्या अर्धशतकात विजेता ठरवण्याची कोणतीही सर्वमान्य रीत नव्हती. त्या काळचे विजेते बहुतांशी नंतरच्या अभ्यासकांनी जुने निकाल तपासून जाहीर केलेले आहेत. इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६मध्ये आपले गुणांकन प्रसिद्ध केले. बलवान संघावर विजय मिळवल्यास ३० गुण, दुबळ्यावर मिळवल्यास २०; बलवानाकडून हरल्यास १५, दुबळ्याकडून हरल्यास १०; आणि शेवटी सामन्यांच्या संख्येने भागाकार. प्रतिस्पर्धी कोण होता याला हिशेबात जागा देणारे हे सूत्र आजही आदराने पाहावे असे आहे. नोत्र दामचे प्रशिक्षक नूट रॉक्नी यांच्या आग्रहावरून ते १९२४च्या हंगामालाही मागाहून लावले गेले आणि विजेतेपद नोत्र दामला मिळाले. निकाल आधीच माहीत असताना सूत्र लावण्याची ही सुरुवात. ही सवय पुढे फोफावली. १९४१ साली अलाबामाचा संघ दोन सामने हरला होता आणि पत्रकारांच्या क्रमवारीत विसावा होता. एका गणिती पद्धतीने त्याला पहिला ठरवले, म्हणून ते विद्यापीठ त्या वर्षीचे विजेतेपद आजही आपल्या नावे मोजते.

पत्रकारांचे मतदान १९३६पासून नियमित झाले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे क्रीडा संपादक अ‍ॅलन गुल्ड यांनी आदल्या वर्षी तीन संघांना बरोबरीने पहिले ठरवले होते आणि मिनेसोटाचे चाहते खवळले होते. तेव्हा देशभरच्या क्रीडा संपादकांची मते घेण्याचे त्यांनी ठरवले. वर्तमानपत्रांना आठवडाभर चर्चेचा विषय मिळावा हा त्यामागचा उघड हेतू होता. पहिला मान मिनेसोटालाच मिळाला. १९५०मध्ये युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांचे मतदान सुरू केले आणि एकाच हंगामाचे दोन विजेते असण्याची सोय झाली.

या मतदानाची मोठी चूक वेळेची होती. हंगामानंतर १ जानेवारीच्या सुमारास बाउल नावाचे मानाचे सामने होत. त्यांतील सर्वांत जुना रोज बाउल १९०२चा. हे सामने त्या त्या शहराचे पर्यटन वाढवण्यासाठी निघाले होते. विजेता ठरवणे हे त्यांचे काम नव्हते, म्हणून अंतिम मतदान त्यांच्या आधीच उरके. १९४७च्या हंगामाअखेर मिशिगनने रोज बाउलमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाला ४९-० असे धुतल्यावर असोसिएटेड प्रेसने खास फेरमतदान घेतले. त्यात मिशिगनला २२६ आणि नोत्र दामला ११९ मते पडली, तरी अधिकृत विजेता नोत्र दामच राहिला. १९५०मध्ये ओक्लाहोमा आणि १९६४मध्ये अलाबामा विजेते घोषित झाल्यावर बाउल सामना हरले. पत्रकारांनी १९६८पासून मतदान कायमचे बाउलनंतर नेले. प्रशिक्षकांनी ते १९७४मध्ये केले, तेही आदल्याच हंगामात त्यांचा विजेता अलाबामा नोत्र दामकडून २४-२३ असा हरल्यावर. सर्व सामने संपण्याआधी निकाल लावू नये, एवढी गोष्ट मान्य व्हायला ३८ वर्षे लागली.

मतदानाची दुसरी मर्यादा १९६६मध्ये स्पष्ट दिसली. १९ नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकाचा नोत्र दाम आणि दुसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट समोरासमोर आले. शेवटच्या मिनिटांत चेंडू नोत्र दामकडे होता, गुणसंख्या १०-१० होती, आणि प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी धोका न पत्करता वेळ संपू दिली. त्यांचा हिशेब बरोबर ठरला. त्या काळी नोत्र दाम बाउल सामने खेळत नसे, आणि मिशिगन स्टेटला कॉन्फरन्सच्या नियमामुळे लागोपाठ दुसऱ्या वर्षी रोज बाउलला जाता येत नव्हते. दोन्ही मतदानांत नोत्र दाम पहिला आला. एकही सामना न हरलेला, बरोबरीही न केलेला अलाबामा तिसरा राहिला. विजेता मतपेटीत ठरणार असेल तर प्रशिक्षक मतदारांकडे पाहून डावपेच आखणार, हे त्या दिवशी सिद्ध झाले, आणि त्यासाठी पार्सेगियन यांना दोष देण्यापेक्षा पद्धतीला देणे न्याय्य आहे.

सुधारणा एवढी रेंगाळण्याचे कारण सत्तेच्या वाटणीत होते. बाउलचे आयोजक आणि कॉन्फरन्स यांचे करार पक्के होते; १९४७पासून रोज बाउल बिग टेन आणि पश्चिम किनाऱ्याच्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना बांधलेला होता. त्यातच १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या दूरदर्शन प्रक्षेपणावरील एनसीएएचे नियंत्रण बेकायदा ठरवले. प्रक्षेपणाचा पैसा विद्यापीठांकडे आणि त्यांच्या कॉन्फरन्सकडे गेला, आणि राष्ट्रीय स्पर्धा भरवण्याची ताकदही तिकडेच गेली. १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षे दोन-दोन विजेते निघाल्यावर कॉन्फरन्सनी आपसांत युती केली: १९९२पासून बाउल कोअलिशन, १९९५पासून बाउल अलायन्स. रोज बाउल दोन्हींच्या बाहेर राहिला. त्यामुळे १९९४मध्ये नेब्रास्का आणि पेन स्टेट हे दोन अपराजित संघ भेटलेच नाहीत आणि १९९७चे पद मिशिगन व नेब्रास्का यांच्यात वाटले गेले.

१९९८मध्ये सर्वांना सामावणारी बाउल चॅम्पियनशिप सिरीज, म्हणजे बीसीएस, आली. मतदाने, संगणकी क्रमवाऱ्या, प्रतिस्पर्ध्यांची ताकद आणि पराभव यांचे एक मिश्र सूत्र पहिले दोन संघ निवडी आणि त्यांचा अंतिम सामना होई. सूत्र नि:पक्ष असते या समजाला लवकरच तडे गेले. २०००मध्ये मायामीने फ्लॉरिडा स्टेटला हरवले होते, तरी अंतिम सामन्याला फ्लॉरिडा स्टेट गेला. २००१मध्ये कोलोराडोकडून ६२-३६ असा हरलेला, दोन्ही मतदानांत चौथा असलेला नेब्रास्का दुसऱ्या क्रमांकावर निघाला आणि अंतिम सामन्यात मायामीने त्याला ३७-१४ असे लोळवले. २००३मध्ये तर दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया सूत्रात तिसरा आला. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ अशी हार खाल्लेला ओक्लाहोमा पहिलाच राहिला. अंतिम सामना लुइझियाना स्टेटने जिंकला, पण पत्रकारांनी सदर्न कॅलिफोर्नियाला विजेता म्हटले. प्रशिक्षक अंतिम सामन्याच्या विजेत्यालाच पहिले मत द्यायला बांधलेले होते, तरी तिघांनी ते बंधन मोडले. पुढच्या वर्षी ऑबर्न सर्व सामने जिंकूनही बाहेर राहिला. त्यानंतर असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी या सूत्रातून काढून घेतली.

प्रत्येक वादानंतर सूत्राला ठिगळ लावले जाई, आणि ते नेमके मागच्या वर्षीच्या गाऱ्हाण्यापुरते असे. मोठ्या फरकाने जिंकणाऱ्यांना फायदा मिळतो म्हणून २००२पासून संगणकांना गुणफरक पाहण्याची बंदी झाली. त्यामुळे २१-२० आणि ५६-० हे निकाल सारखेच मोजले जाऊ लागले. माहिती कमी करून अचूकता वाढत नाही. गुप्ततेचा प्रश्न याहून गंभीर होता. सहापैकी पाच संगणकी क्रमवाऱ्यांची सूत्रे त्यांच्या कर्त्यांखेरीज कोणालाच तपासता येत नव्हती. फक्त वेस्ली कॉली यांनी आपली पद्धत पूर्ण प्रसिद्ध केली होती, म्हणूनच २०१०च्या अखेरच्या क्रमवारीतील एक चूक पकडता आली. खालच्या गटातील अ‍ॅपलेशियन स्टेट आणि वेस्टर्न इलिनॉय यांचा एक सामना नोंदवायचा राहिला होता. त्याची भर पडताच बोइसी स्टेट दहावा झाला आणि लुइझियाना स्टेट अकरावा. एका सुटलेल्या नोंदीने दोन बड्या संघांची अदलाबदल होत असेल, तर उरलेल्या पाच सूत्रांत किती नोंदी सुटल्या असतील, हे कधीच कळणार नाही.

२०११च्या अंतिम सामन्यात एकाच कॉन्फरन्सच्या एकाच विभागातील अलाबामा आणि लुइझियाना स्टेट दुसऱ्यांदा भेटले, आणि चार संघांच्या बाद फेरीची मागणी थोपवता आली नाही. २०१४पासून १३ सदस्यांची समिती चार संघ निवडू लागली. तिचे पहिलेच वर्ष पुरेसे बोलके होते. अखेरच्या आठवड्याआधी तिसरा असलेला टेक्सस ख्रिश्चन ५५-३ असा जिंकला आणि सहावा झाला. त्याच्या जागी ओहायो स्टेट आला. त्याचे दोन क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारे खेळाडू, जायबंदी होते आणि तिसऱ्याच्या जोरावर त्याने विस्कॉन्सिनला ५९-० असे हरवले होते. त्याच तिसऱ्या खेळाडूसह तो पुढे विजेताही झाला.

नऊ वर्षांनी याच समितीने उलट न्याय लावला. २०२३मध्ये फ्लॉरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जायबंदी झाल्यावरही त्याने फ्लॉरिडा आणि लुइव्हिल यांना हरवून कॉन्फरन्स जिंकली. समितीने त्याला पाचवे ठेवले आणि एक पराभव असलेला अलाबामा घेतला. महत्त्वाचा खेळाडू नसणे विचारात घेण्याची मुभा नियमावलीत होती, पण तिचे वजन किती, हे कुठेही लिहिलेले नव्हते. नंतर ऑरेंज बाउलमध्ये फ्लॉरिडा स्टेट जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला, हे निर्णयाचे समर्थन म्हणून सांगितले जाते. ते टिकणारे नाही: दुखापतींसोबत अनेक खेळाडूंनी त्या सामन्यातून माघार घेतली होती, आणि हंगामभराच्या कमाईचा हिशेब नंतरच्या सामन्याने बदलत नाही.

२०२४पासून १२ संघ आले. त्यांत क्रमवारीने वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हक्काची जागा आणि वरच्या चार विजेत्यांना पहिल्या फेरीत बाय मिळाली. या नियमामुळे क्रमवारीत सोळावा असलेला क्लेमसन आत आला आणि अकरावा अलाबामा बाहेर राहिला. त्यावर बरीच ओरड झाली, पण क्लेमसनने आपली जागा मैदानावर जिंकली होती आणि ती कशी जिंकायची हे हंगामाआधीच ठाऊक होते. बायचा नियम मात्र फसला. नववा बोइसी स्टेट तिसरे मानांकन घेऊन बसला, बारावा अ‍ॅरिझोना स्टेट चौथे. बाय मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले आणि आठव्या मानांकनाचा ओहायो स्टेट विजेता झाला. २०२५च्या हंगामापासून मानांकने थेट क्रमवारीप्रमाणे दिली जाऊ लागली. पाच विजेत्यांच्या हक्काच्या जागांना तेव्हा हात लावला गेला नाही, आणि सगळ्या दुरुस्त्यांत हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा आहे.